दाबाचा हिशेब मांडणारे प्राध्यापक : सुहास पाटणकर

संगणकीय द्रवगतिकी, म्हणजे अभियंत्यांच्या रोजच्या बोलण्यातले ‘सीएफडी’, या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांत सुहास पाटणकर यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांचा जन्म पुण्यात, २२ फेब्रुवारी १९४१ रोजी झाला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९६२ साली यंत्र अभियांत्रिकीची पदवी, १९६४ साली पवईच्या आयआयटीतून एम.टेक. आणि १९६७ साली लंडनच्या इम्पिरियल कॉलेजातून पीएच.डी. अशी पाच वर्षांत त्यांनी मजल मारली. पुढे अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ते यंत्र अभियांत्रिकीचे प्राध्यापक झाले.

त्यांनी सोडवलेला प्रश्न जुनाच होता. वाहत्या द्रवाची समीकरणे एकोणिसाव्या शतकातच मांडली गेली. ती सुटत मात्र फक्त सोप्या आकारांसाठी. परभणी जिल्ह्यात जिंतूर तालुक्यातल्या येलदरी धरणावर पूर्णा नदीचे पाणी जलविद्युत केंद्राच्या टर्बाइनमधून जाते. तिथल्या वळणावळणाच्या वाटेत पाण्याचा वेग काढायचा तर आधी दाब ठाऊक हवा. पण दाबाला स्वतःचे असे समीकरणच नाही. हाती असते ती एवढीच अट, की जितके पाणी आत आले तितकेच बाहेर पडले पाहिजे. दाब दिसत नाही आणि त्याच्याविना गाडी पुढे सरकत नाही, असा हा तिढा.

इम्पिरियल कॉलेजात ब्रायन स्पाल्डिंग यांच्या गटाने याच तिढ्याला हात घातला होता. पाटणकर आणि स्पाल्डिंग यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेली रीत ‘सिम्पल’ या नावाने जगभर गेली. प्रवाहाची जागा छोट्या छोट्या कप्प्यांत विभागायची. दाबाचा एक अंदाज धरायचा, अगदी चुकीचा असला तरी चालेल. त्या दाबावरून वेग काढायचे. मग प्रत्येक कप्प्याचा जमाखर्च तपासायचा. एखाद्या कप्प्यात जास्त पाणी शिरते आणि कमी बाहेर पडते असे दिसले, तर तिथला दाब थोडा वाढवायचा, म्हणजे येणारे पाणी अडते आणि जाणाऱ्याला रेटा मिळतो. सुधारलेल्या दाबाने वेग पुन्हा काढायचे आणि सगळ्या कप्प्यांचा हिशेब जुळेपर्यंत हेच चालू ठेवायचे. दुरुस्ती एकदम पूर्ण लावली तर आकडे भरकटतात, म्हणून तिचा काही भागच लावायचा, ही त्यातली व्यवहारी खबरदारी. अमेरिकेत लॉस अलामॉसच्या संशोधकांनी १९६५ साली वापरलेली एक युक्तीही इथे कामी आली. दाब कप्प्याच्या मध्यभागी आणि वेग कप्प्याच्या भिंतींवर मोजायचा. दोन्ही एकाच बिंदूवर मोजले, तर एकाआड एक १० आणि ५० असा खुळा दाबसुद्धा संगणकाला सपाट वाटतो.

तरीही पाटणकरांचे नाव विद्यार्थ्यांच्या तोंडी बसले ते पुस्तकामुळे. उष्णतावहन आणि द्रवप्रवाहाच्या संख्यात्मक गणितावरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९८० साली निघाले. सुमारे दोनशे पानांचे हे पुस्तक गणिती सिद्धतांचे ओझे वाचकावर लादत नाही. सूत्रातून निघालेले उत्तर प्रत्यक्षात संभवते का, हा प्रश्न ते पावलोपावली विचारते.

त्यातला एक मुद्दा परभणीच्या उन्हाळ्यात सहज कळतो. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की गोठ्याच्या पत्र्यावर कडबा किंवा पाचट पसरतात. लोखंडी पत्र्याची उष्णतावाहकता साधारण ५० धरली, तर त्याच एककात सुक्या कडब्याची ०.०५ च्या आसपास. पत्र्याचा कप्पा आणि कडब्याचा तेवढ्याच जाडीचा कप्पा जिथे भिडतात, तिथे कोणता आकडा घ्यायचा? साधी सरासरी येते २५, म्हणजे कडबा टाकूनही ऊन जवळपास तसेच आत येणार. पाटणकर इथे हरात्मक सरासरी घ्यायला सांगतात. ती येते ०.१. उष्णतेला दोन्ही थर ओलांडावे लागतात, तेव्हा नाकाबंदी करणाऱ्या थराचेच चालणार, हे गोठेवाल्याला न शिकवता कळते आणि या सूत्रालाही कळते. कारण सांगून सूत्र देण्याची ही हातोटी पाठ्यपुस्तकांत दुर्मीळच.

मिनेसोटात त्यांनी एफ्रेम स्पॅरो यांच्यासह बरेच काम केले. उष्णता-विनिमयकात एकसारख्या पंखपट्ट्यांच्या ओळी असतात. काही ओळींनंतर प्रवाहाची तीच तऱ्हा पुन्हा पुन्हा येते, तेव्हा सगळ्या ओळी न मांडता एकाच घटकाचे गणित पुरते, हे पाटणकर, स्पॅरो आणि त्यांचे सहकारी लियू यांनी १९७७ सालच्या निबंधात दाखवले. संगणक महाग आणि मंद असण्याच्या त्या काळात ही मोठीच बचत होती. ‘सिम्पल’च्या सुधारित आवृत्त्याही निघाल्या. आज ‘फ्लुएंट’सारख्या विकत मिळणाऱ्या आणि ‘ओपनफोम’सारख्या मोफत प्रणालींतही ही रीत निवडता येते.

पाटणकरांनी ‘इनोव्हेटिव्ह रिसर्च’ ही कंपनीही काढली. तिचा भर इलेक्ट्रॉनिक यंत्रणा थंड ठेवण्यावर आहे. डेटा सेंटरमध्ये फरशीखालच्या पोकळीत गार हवा सोडतात आणि ती छिद्रांच्या फरश्यांतून सर्व्हरपुढे वर येते. हवा सोडणाऱ्या यंत्राजवळच्या फरशीतून सर्वांत जास्त हवा येईल, असे कुणालाही वाटेल. होते बहुधा उलटेच. यंत्राजवळ हवेचा वेग जास्त म्हणून दाब कमी, त्यामुळे तिथल्या फरशीतून हवा कमी येते, क्वचित वरची गरम हवाच खाली ओढली जाते. पाटणकरांनी २०१० साली या विषयावर सविस्तर निबंध लिहिला. अशा दालनांची आखणी करण्यासाठी त्यांच्या कंपनीची ‘टाइलफ्लो’ ही प्रणाली वापरली जाते.