नवा नग घरी आणला? आधी त्याचा फोटो काढा

जयपूरला सांगानेर-बगरूचा छापील माल घ्यायला जाणारे आपले पुष्कळ कापड व्यापारी येताना जोहरी बाजारातून दोन-चार नग खिशात घालून आणतात. कोणाला मुलीच्या लग्नासाठी पाचू हवा असतो, तर कोणी माणकांचा छोटा लॉट घेऊन इकडे सराफाला देतो. अकीकसाठी खंभातला जाणारेही आहेत. आमचा मूळ धंदा कापडाचा. नगांचा नाद या फेऱ्यांतूनच लागला आणि पुढे तो जोडधंदा झाला. दोन्ही धंद्यांत रंगाची पारख लागते, आणि दोन्ही धंद्यांत दिव्याच्या उजेडात माणूस फसतो.

मुद्दा असा आहे. नग घेतला, पुडी कपाटात ठेवली, आठ-पंधरा दिवसांनी अंगठीसाठी कारागिराकडे दिली. अंगठी तयार होऊन घरी आली की कोणीतरी म्हणते, "हा आपला नग नव्हे. आपला जास्त हिरवा होता." खरे पाहता नग तोच असतो. पण आता त्याच्या भोवती पिवळे सोने आले, मागून कोंदण बंद झाले आणि बघणारा रात्री दिव्याखाली बघतो आहे. रंग वेगळा दिसणारच. नग कोंदणात बसल्यावर एकट्या नगाचे वजनही करता येत नाही. मग संशय येतो तो थेट कारागिरावर. अशा एका भांडणात आम्हाला मध्यस्थ म्हणून बसवले होते. पाचूच्या कडेला केसाएवढी रेघ होती. मालक म्हणे, जडताना पडली. कारागीर म्हणे, आधीपासूनच होती. दोघांपाशी दाखवायला काहीच नव्हते. शेवटी त्या गरीब कारागिराने निम्मी रक्कम मजुरीतून कापून द्यायची, असे ठरले. तो खोटा होता की खरा, हे आजही कोणी सांगू शकत नाही. नगाचा एक फोटो असता तर पाच मिनिटांत निकाल लागला असता.

म्हणून आमचे व्यापारी आणि कारागीर बंधूंना सांगणे आहे की, नग घरी आला की दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी त्याचा फोटो काढावा. कारागिराने तर नग हातात घेताच, ग्राहकासमोरच काढावा. महागडा कॅमेरा लागत नाही. खिशातला फोन किंवा घरात पडून असलेला जुना डिजिटल कॅमेरा पुरतो. रोलचा जमाना होता तेव्हा फोटो धुऊन येईपर्यंत तो बिघडला हे कळत नसे. आता लगेच दिसते, आणि चुकला तर दुसरा काढायला पैसा पडत नाही.

सर्वांत आधी उजेड. कापडाच्या दुकानात जाणते गिऱ्हाईक ताग्याचे टोक धरून बाहेर उजेडात नेते, ते उगीच नाही. ट्यूबलाइटखाली एकच दिसणारे दोन तुकडे बाहेर आणले की एक तांबूस आणि एक निळसर निघतो. म्हणूनच कापड गिरण्यांत शेड जुळवायला खास पेटी असते. तिच्यात दिवसाच्या उजेडासारखा ६५०० केल्व्हिनचा दिवा आणि दुकानी उजेडाचा दिवा, असे वेगवेगळे दिवे लावून तोच तुकडा बघतात. घरातल्या जुन्या पिवळ्या बल्बचा उजेड २७०० केल्व्हिनच्या आसपास असतो. त्यात माणिक खुलते आणि नीलम काळवंडतो. अलेक्झांड्राइट नावाचा नग तर दिवसा हिरवा आणि बल्बखाली तांबडा दिसतो. त्याची किंमतच या गुणामुळे आहे, म्हणून त्याचे दोन फोटो हवेत, एक दिवसाचा आणि एक बल्बचा.

बाकीच्या नगांसाठी उत्तरेकडची खिडकी उत्तम. तिथून थेट ऊन येत नाही आणि उजेड एकसारखा राहतो. जुने जोहरीही नग पाहायला हाच उजेड पसंत करतात. उन्हाळ्यात सूर्य उत्तरेला झुकतो तेव्हा सकाळ-संध्याकाळी त्या खिडकीतूनही तिरीप येते, म्हणून दहा-अकराची वेळ बरी. खोलीतले दिवे बंद करावेत. खिडकीचा उजेड आणि दिव्याचा उजेड मिसळला की कॅमेऱ्याचा गोंधळ होतो, अन् मग कोणताच रंग खरा येत नाही. फ्लॅश तर नकोच. फ्लॅशने वरच्या पैलूवर पांढरा डाग उमटतो आणि आतले काही दिसत नाही.

खिडकीला मलमल किंवा बटर पेपर लावला तर उजेड मऊ होतो. गोल घुमटी घासाच्या अकीक-फिरोजासाठी हे फार उपयोगी आहे, नाहीतर नगाच्या माथ्यावर खिडकीची चौकट जशीच्या तशी उमटते. इथे कापडवाल्याची एक सूचना. मलमल निळीने किंवा टिनोपॉलसारख्या पावडरीने चमकवलेली नसावी. अशी पावडर दिवसाच्या उजेडात स्वतः निळसर झळकते. बाजारातल्या पुष्कळ पांढऱ्या शुभ्र कागदांतही तसलाच माल असतो. त्यामुळे नगाखाली शुभ्र कागदापेक्षा साधा राखाडी कागद किंवा राखाडी सुटिंगचा तुकडा घालावा, ज्यात निळी-तांबडी झाक नाही असा. कॅमेऱ्यालाही राखाडीवर उजेडाचा अंदाज नीट येतो. पांढऱ्यावर तो फोटो काळपट करतो आणि काळ्यावर नग उजळवतो. पुडीतल्या कागदावरच फोटो काढण्याची सवय सोडावी. हिऱ्याच्या पुडीला आतून निळसर कागद असतो, तो पिवळट हिरा पांढरा दिसावा म्हणूनच. फोटो काढताना अंगात लाल-पिवळा कपडा नसावा, तेही पैलूत उतरते. आम्ही पांढरा सदरा घालतो. आमच्या घरी याला हसतात, हसोत.

नग पकडताना बोट लावू नये. बोटाचा चिकटा डोळ्याला दिसत नाही, फोटोत ढगासारखा दिसतो. मऊ, कोरड्या, धागा न सोडणाऱ्या कापडाने पुसून चिमट्याने ठेवावा. फिरोजा सच्छिद्र असतो, त्याला साबण-तेल लागू देऊ नये, रंग फिरतो. मोती आणि ओपलही नाजूक. पाचूच्या चिरांत बहुधा तेल भरलेले असते, म्हणून तो तापणाऱ्या दिव्याखाली ठेवू नये.

आता कॅमेरा. जुन्या डिजिटल कॅमेऱ्यावर फुलाचे चिन्ह असते, ते जवळचे फोटो काढण्यासाठी. ते लावून झूम न वापरता जवळ जावे, कारण झूम केले की बऱ्याच कॅमेऱ्यांना जवळचे नीट दिसत नाही. फोनचे उलटे. फोन अगदी जवळ नेला की धूसर होतो आणि त्याची सावलीही नगावर पडते. सुमारे वीतभर मागे राहून दुप्पट झूम करावे. पडद्यावर नगावर बोट दाबून धरले की पुष्कळ फोनांत फोकस आणि उजेड दोन्ही तिथेच बांधले जातात. मग बोटाने उजेड थोडा कमी-जास्त करता येतो. हात कितीही स्थिर असला तरी बटण दाबताना फोन हलतोच. दोन सारखे डबे ठेवून त्यांवर फोन आडवा टाकावा आणि दोन सेकंदांचा टायमर लावावा. आम्ही बिस्किटांचे डबे वापरतो.

आतल्या खुणा टिपायच्या तर सराफाचे दहापट भिंग फोनच्या डोळ्यापुढे धरावे. नग भिंगापासून अडीच सेंटिमीटरवर आला की स्पष्ट दिसतो. पहिल्या दिवशी जमत नाही, आठ-दहा फोटोंनी हात बसतो. एवढी मेहनत यासाठी की नगाची खरी ओळख त्याच्या आत असते. निसर्गात तयार झालेल्या दोन नगांच्या आतल्या रेघा, ठिपके, पिसासारखे तडे हुबेहूब सारखे नसतात. अकीकचे पट्टे आणि फिरोजावरच्या काळ्या शिराही तशाच. म्हणून फोटोत ऐब लपवू नये, ऐबच आधी टिपावा. वजन दुसऱ्या नगाचे जुळेल, रंगही जुळेल, पण कडेपासून दोन मिलिमीटर आत असलेला तो काळा ठिपका जुळणार नाही.

अशा फोटोत नगाची पट्टीही दिसते आणि मालकाची पारखही. नग छापील अक्षरांवर सुलटा ठेवून वरून फोटो काढावा. मधोमध अक्षरे सरळ वाचता आली तर घास उथळ आहे. उजेड पैलूंवरून परतण्याऐवजी आरपार जातो आणि नगाचा मधला भाग फिका पडतो. यालाच बाजारात खिडकी म्हणतात. नीलम किंवा माणिक पांढऱ्या वाटीत पाण्यात बुडवून खालून उजेड दिला तर रंगाचे पट्टे दिसतात. सरळ, कोनात मिळणारे पट्टे नैसर्गिक नगात असतात. ताटलीच्या कडेसारख्या वळणदार रेघा आणि गोल बुडबुडे दिसले, तर तो नग भट्टीतला असण्याचा संशय घ्यावा. व्हर्नाय या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९०२ साली ती रीत जाहीर केली, म्हणजे असा माल शंभर वर्षांहून जास्त काळ बाजारात आहे. २००४ च्या सुमारास तड्यांत शिसेयुक्त काच भरलेली माणकेही आली. नग हलवताना तड्यांत निळी किंवा नारिंगी झळक दिसते ती त्यांची. मात्र फोटो म्हणजे दाखला नव्हे. संशय आला तर नग प्रयोगशाळेतच दाखवावा. जयपूरची रत्न तपासणी प्रयोगशाळा १९७२ पासून हे काम करते. प्रयोगशाळेत पाठवतानाही फोटो आपल्याकडे ठेवावा.

तारा दाखवणारे माणिक-नीलम आणि लसण्या यांना वरचा मऊ उजेडाचा नियम लागू नाही. मऊ उजेडात तारा आणि रेघ गुप्त होतात. त्यांना एकच बारीक उजेड लागतो, थेट ऊन किंवा छोटी टॉर्च, आणि तोही बरोबर डोक्यावरून.

लाल आणि हिरवा, हे दोन रंग कॅमेऱ्याला जड जातात. गडद माणकाचा फोटो एकसारखा लाल गोळा दिसतो, पैलू गायब होतात. अशा वेळी उजेड कमी करून काढावा. पाचूत काही कॅमेरे निळी झाक आणतात. म्हणून चौकटीत एका कोपऱ्यात राखाडी तुकडा येऊ द्यावा. तो फोटोत राखाडीच दिसला तर नगाचा रंगही बहुतेक खरा आहे, असे धरायला हरकत नाही. फोनमधली रंग खुलवणारी सोय बंद ठेवावी. ती लग्नाच्या फोटोला ठीक. तिने नग विकणाऱ्याचा चार दिवस फायदा होतो, आणि मग पार्सल परत येते.

फोनवर माल दाखवून विकणारे आपले तरुण आता बरेच आहेत. त्यांनी दिवसाचा आणि दिव्याचा असे दोन्ही फोटो पाठवावेत, ऐबाचा वेगळा फोटो द्यावा आणि नग तापवलेला असेल तर तसे लिहावे. खंभातचा लाल अकीक भट्टीत तापवून लाल होतो हे सगळ्यांना माहीत आहे. सांगितल्याने त्याचा भाव पडत नाही, न सांगता कळले तर मात्र गिऱ्हाईक तुटते. व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवताना तो दाबला जातो आणि बारीक रेघा पुसल्या जातात. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जसाच्या तसा जातो.

हिशेबाचे म्हणाल तर आमची रीत अशी. नग समोरून, पाठीमागून, कडेने, आरपार उजेडात, आणि एक फोटो मिलिमीटरच्या पट्टीसह. पट्टीशेजारी चिठ्ठी, तिच्यावर खरेदीची तारीख, बिलाचा क्रमांक आणि वजन. वजन कॅरटमध्येच लिहावे. कॅरट म्हणजे जगभर २०० मिलिग्रॅम. रत्ती मात्र बाजाराप्रमाणे बदलते, आणि कच्ची की पक्की यावरून भांडणे होतात. जांगडवर नग द्यायचा तर जांगडच्या चिठ्ठीवर फोटोची छापील प्रत चिकटवून तिच्यावर घेणाऱ्याची सही घ्यावी. ती प्रत नगाच्या खुणांसाठी, रंगासाठी नव्हे, छपाईत रंग हमखास फिरतो. अंगठी तयार होऊन आली की त्याच खिडकीत, त्याच राखाडी तुकड्यावर पुन्हा एक फोटो काढावा आणि कारागीर समोर असतानाच दोन्ही फोटोंतल्या खुणा जुळवून घ्याव्यात. फोन बदलताना हे फोटो दुसरीकडे उतरवून ठेवायला विसरू नये. आणि फोटोत मागे घराची तिजोरी किंवा दुकानाचा पत्ता येत नाही ना, हे पाठवण्याआधी एकदा बघून घ्यावे.