शाळा सुटल्यावरचे अडीच तास

शाळा साडेचारच्या सुमारास सुटते. आई-वडील घरी येतात साडेसहा-सातला. वडगाव-खासबागेत यंत्रमागावर, उद्यमबागच्या कारखान्यांत, निपाणीकडे तंबाखूच्या कामावर किंवा खेड्यात भांगलणीला जाणाऱ्या घरांत हे रोजचेच आहे. मधल्या अडीच तासांत मूल कुठे असते, काय खाते, काय करते, ही जबाबदारी सरकारच्या कोणत्याच खात्याकडे नाही. ऐपत असणारे ट्यूशन लावतात. ज्यांची ऐपत नाही, त्यांच्या घरी थोरली मुलगी धाकट्यांना सांभाळते आणि स्वतःचा अभ्यास रात्री पेंगत पेंगत करते. त्याचा परिणाम दहावीच्या निकालात दिसतो.

आपल्या दुभाषी घरांत आणखी एक अडचण असते. मराठी माध्यमातल्या मुलाला कन्नड बोलता येते, पण वाचताना अडते. घरात शिकवणारे कोणी नसते. कन्नड माध्यमातले मूल आजीशी मराठीत भांडते, पण आजीचे पत्र त्याला वाचता येत नाही. 2015 च्या कायद्याने राज्यातील शाळांत कन्नड शिकणे सक्तीचे झाले. सक्ती झाली, पण सरावासाठी संध्याकाळची जागा मिळाली नाही. रोज तासभर दोन्ही भाषांची पुस्तके हाताळायला मिळाली, तर हे अंतर भरून निघेल.

सरकारला ही कल्पना नवी नाही. 2023 च्या अर्थसंकल्पात कर्नाटकाने रोजगार हमीच्या कामावरील मातांच्या लहानग्यांसाठी चार हजार ग्रामपंचायतींत ‘कूसिन मने’ ही पाळणाघरे जाहीर केली. कामावरच्या आईच्या मुलाला कोणीतरी सांभाळले पाहिजे, हे तत्त्व सरकारने तेव्हाच मान्य केले. मग आठ वर्षांचे मूल स्वतःला सांभाळते, असे कसे धरायचे?

जागाही आहेत. ग्रामपंचायतींची वाचनालये 2019 मध्ये ग्रामविकास खात्याकडे आली. 2020 मध्ये ‘ओदुव बेळकु’ उपक्रमातून मुलांना तिथे मोफत सभासदत्व मिळू लागले. शिवाय राज्याच्या 1965 च्या ग्रंथालय कायद्यानुसार घरपट्टीच्या रुपयामागे सहा पैसे ग्रंथालय उपकर आपण भरतोच. म्हणजे आपली मागणी छोटी आहे: वाचनालय किंवा शाळेची एक खोली संध्याकाळी सातपर्यंत उघडी ठेवा, मानधनावर एक जबाबदार व्यक्ती नेमा आणि मुलांना थोडा खाऊ द्या. दुपारच्या भोजनानंतर मुलांच्या पोटात रात्रीपर्यंत काही पडत नाही, हे विसरू नये.

मागणी छोटी असली तरी योग्य दारी गेली पाहिजे. अनेकदा आपण सगळे काही आमदारांकडे मागतो आणि तिथेच घोटाळा होतो. स्थानिक विकास निधी म्हणून आमदारांना वर्षाला दोन कोटी रुपये मिळतात; पण तो खोली, कपाटे, दिवे अशा टिकाऊ कामांसाठी असतो, मानधनासाठी नव्हे. मानधन आणि खाऊ यांची तरतूद खात्याच्या अंदाजपत्रकातच व्हावी लागते. म्हणून आमदारांकडे दोन वेगळी निवेदने द्यावीत. एकात खोलीची मागणी करावी, दुसऱ्यात सभागृहात प्रश्न विचारण्याची विनंती. तारांकित प्रश्नाला मंत्र्यांना सभागृहात उत्तर द्यावे लागते आणि ते उत्तर नोंदले जाते.

बेळगाव जिल्ह्यातून विधानसभेवर अठरा आमदार जातात. विधान परिषदेकडे मात्र आपले लक्ष जात नाही. तिथे शिक्षकांनी निवडलेले सात आमदार असतात. बेळगाव, विजापूर व बागलकोट हे जिल्हे वायव्य शिक्षक मतदारसंघात येतात. शाळेच्या विषयाला याहून जवळचे दार कोणते?

त्याआधी गावातली तयारी हवी. शिक्षण हक्क कायद्याच्या बाविसाव्या कलमाप्रमाणे शाळेचा विकास आराखडा समितीने करायचा असतो आणि अनुदानाचा आधार तोच धरायचा असतो. तेव्हा एसडीएमसीच्या बैठकीत संध्याकाळच्या वर्गाचा ठराव करून आराखड्यात घालावा. राज्यात 2006 पासून ‘मक्कळ ग्रामसभा’ भरतात. तिथे मुलांनीच ही मागणी मांडली आणि ती इतिवृत्तात आली, तर पीडीओंना ती बाजूला सारता येत नाही.

निवेदन एका पानाचे असावे. किती मुले, किती घरांत दोघेही कामावर, कोणती खोली रिकामी, महिन्याला खर्च किती, एवढेच त्यात लिहावे. आकडे स्वतः घरोघर जाऊन घ्यावेत. निवेदन कन्नडमध्ये लिहावे आणि गावात सह्या घेताना मराठी प्रत सोबत ठेवावी. कारभाराची भाषा एक आणि माणसांच्या मनाची दुसरी, हे आपल्याकडे अडचण म्हणूनच सांगितले जाते. इथे मात्र दोन्ही भाषा जाणणारे घरच पुढाकार घेऊ शकते. सीमेचा वाद ज्याच्या त्याच्या मतावर सोडून या कागदावर दोन्ही बाजूंच्या सह्या होऊ शकतात, कारण मुले दोघांचीही रस्त्यावर आहेत.

वेळही महत्त्वाची. राज्याचा अर्थसंकल्प फेब्रुवारी-मार्चमध्ये मांडला जातो. खात्यांचे प्रस्ताव त्याआधी तयार होतात. 2012 मध्ये उद्घाटन झालेल्या सुवर्णसौधात बहुतेक वर्षी डिसेंबरात अधिवेशन भरते. त्या दिवसांत मंत्री आपल्या गावात असतात, पण निवेदनांचे ढीगही तेव्हाच साचतात. आपला कागद आमदारांच्या हाती दिवाळीच्या आसपास पडावा. पोच घ्यावी, तारीख लिहून ठेवावी आणि महिन्याने पुन्हा जावे. पहिल्या फेरीत काम होईल अशी आशा धरू नये. पण तीच माणसे तोच कागद घेऊन तिसऱ्यांदा आली, की कार्यालयात त्यांना खुर्ची मिळते आणि बोलणे सुरू होते.