आधी रक्त, मग गोळी

राहुरी. सकाळचे आठ वाजायला पाच मिनिटं कमी आहेत. नगर-मनमाड रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या घरघरत चालल्या आहेत. लॅबच्या बाकावर आम्ही उपाशीपोटी बसलोय. मला साखर तपासायचीय, शेजारच्या आजींना थायरॉइड. कोपऱ्यात मास्क लावलेला तिशीतला तरुण. एका हातात गोळ्यांची डबी, दुसऱ्यात पाण्याची बाटली.

आठला त्याचा मोबाइल वाजतो. तो अलार्म बंद करतो, पण डबी उघडत नाही.

"गोळीची वेळ झाली ना रे बाळा?" आजी विचारतात.

"रक्त दिल्यावर घेतो, आजी. आधी घेतली तर रिपोर्ट चुकतो."

आतून हाक येते. दार उघडंच आहे. "टॅक्रोलिमस लेव्हल ना? रात्रीचा डोस किती वाजता घेतला?"

"आठला."

ताई अर्जावर वेळ लिहिते. बारा तासांत औषध उतरत उतरत जिथे येऊन टेकतं, तोच आकडा डॉक्टरांना हवा असतो. जांभळ्या बुचाच्या नळीत रक्त उतरतं. ती नळी हलक्या हाताने उलटीपालटी करते. रक्त गोठून चालणार नाही. हे औषध बहुतेक तांबड्या पेशींतच असतं. नमुना पुण्याला जाणार, आकडा उद्या कळणार. पातळी घसरली तर शरीर नव्या किडनीवर उठतं. चढली तर औषधच किडनीला इजा करतं, हात थरथरतात, साखर वाढते. अर्ध्या मिलिग्रॅमची कॅप्सूल उगाच निघालेली नाही.

बाहेर येऊन तो कॅप्सूल गिळतो. नाश्ता आता तासाभराने.

"किडनी कुणाची?"

"आईची."

"तुपल्या आईचीच ना? मग परकी कशी?"

"शरीराला नातं कळत नाही, आजी."

खरंच कळत नाही. 1954 साली बोस्टनमध्ये पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण झालं, ते हुबेहूब जुळ्या भावांमध्ये. म्हणून तिथे अशा औषधांवाचून निभावलं. एरवी सख्ख्या आईची किडनीही गोळ्यांच्याच आधाराने टिकते.

"गुळवेलाचा काढा घेत जा," आजी सुचवतात. "प्रतिकारशक्ती वाढती."

"तीच तर दाबून ठेवायचीय!" तो हसतो. काढा नाही, पपनस नाही, मेडिकलमधून परस्पर आणलेली अंगदुखीची गोळी नाही. टीबीचं रिफाम्पिसिन पातळी पाडतं, बुरशीवरचं फ्लुकोनॅझोल चढवतं. यादी त्याला तोंडपाठ आहे.

आजींना खोकल्याची उबळ येते. त्या पटकन पदर तोंडाला लावतात, उठतात आणि बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसतात. तिथूनच विचारतात, "आन् ह्या गोळ्या किती दिवस?"

"किडनी चालेल तोवर."

"मंग रोज रातच्याला मोबाइल चार्जिंगला लावीत जा."