मीठ आणि पाणी : दोन बंधांची ओळख

आयनिक बंध
- इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण. सहसा धातू देतो, अधातू घेतो.
- सोडिअमची इलेक्ट्रॉन मांडणी २, ८, १. क्लोरिनची २, ८, ७. सोडिअमने एक इलेक्ट्रॉन दिला की दोघांचेही अष्टक (बाह्यतम कवचातील आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण.
- असे तयार झालेले प्रभारित अणू म्हणजे आयन. विरुद्ध प्रभारांच्या आकर्षणाने ते जखडले जातात.
- मिठाच्या खड्यात सुटे रेणू नसतात. प्रत्येक सोडिअम आयनाभोवती सहा क्लोराइड आयन, प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडिअम.
- खड्यावर घाव बसला की थर सरकतात, समान प्रभार समोरासमोर येतात आणि खडा सपाट पृष्ठांवर फुटतो.
- मिठाचा द्रवणांक ८०१ अंश सेल्सिअस. घन मिठातून वीज वाहत नाही. वितळलेल्या किंवा विरघळलेल्या मिठातून वाहते.

सहसंयुज बंध
- इलेक्ट्रॉनची भागीदारी, बहुधा दोन अधातूंमध्ये.
- हायड्रोजनमध्ये एकेरी, ऑक्सिजनमध्ये दुहेरी, नायट्रोजनमध्ये तिहेरी बंध.
- पाण्यात ऑक्सिजन सामाईक इलेक्ट्रॉन स्वतःकडे अधिक ओढतो. हा ध्रुवीय सहसंयुज बंध.
- साखर पाण्यात विरघळते. पण आयन तयार होत नसल्याने द्रावण वीजवाहक होत नाही.
- हिऱ्यात सहसंयुज बंधांचे अखंड जाळे असते. म्हणून तो अतिशय कठीण.

सीमारेषा
- विद्युतऋणतेतील (बंधातील इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याच्या क्षमतेतील) फरक सुमारे १.७ पेक्षा जास्त असल्यास बंध बहुतांशी आयनिक. हा ठोकताळा आहे, काटेकोर नियम नाही.
- सोडिअम ०.९३, क्लोरिन ३.१६, फरक २.२३.

टप्पे
- १९१६ : वाल्टर कोसेल यांची आयनिक बंधाची, गिल्बर्ट लुईस यांची इलेक्ट्रॉन-जोडीची मांडणी.
- १९३२ : लायनस पॉलिंग यांची विद्युतऋणता श्रेणी.
- १९५४ : पॉलिंग यांना रसायनशास्त्राचे नोबेल.