ह्यूगा नायक का नाही? जपानी ॲनिमे, फुटबॉल आणि 'झुंड'

2022 हे वर्ष फुटबॉलवेड्या प्रेक्षकासाठी फार मोठे होते. मार्चमध्ये नागराज मंजुळे यांचा 'झुंड' आला. एप्रिलमध्ये 'आओआशी' आणि ऑक्टोबरमध्ये 'ब्लू लॉक' या दोन जपानी ॲनिमे मालिका सुरू झाल्या. आणि वर्ष संपता संपता कतारच्या विश्वचषकात जपानने आधी जर्मनीला आणि मग स्पेनला, दोघांनाही 2-1 असे हरवले. आपल्या वस्त्यांमधली पोरं हे सगळं मोबाईलवर बघत होती. मोठ्यांना वाटतं, पोरं कार्टून बघून वेळ घालवतात. म्हणून हे कार्टून काय आहे, त्यात कुणाची गोष्ट सांगितली जाते आणि कुणाची राहून जाते, हे जरा सविस्तर मांडतो. मी स्वतः या मालिकांचा चाहता आहे, त्यामुळे थोडा पक्षपात होईल.

सुरुवात 'कॅप्टन त्सुबासा'पासूनच करावी लागते. योइची ताकाहाशी हा तरुण 1978 चा विश्वचषक बघून फुटबॉलच्या प्रेमात पडला. तेव्हा जपानमध्ये खेळ म्हणजे बेसबॉल. आपल्याकडे क्रिकेटचं जे आहे, तेच तिथे बेसबॉलचं होतं. ताकाहाशीने 1981 पासून 'शोनेन जंप' या साप्ताहिकात त्सुबासा नावाच्या शाळकरी मुलाची चित्रकथा काढायला घेतली आणि 1983 मध्ये ती टीव्हीवर आली. त्यात मैदान इतकं लांबलचक दाखवलंय की एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत अर्धा भाग संपतो! पण मुलांनी चेंडू हातात घेतला. जपानमध्येच नाही, अरब देशांत ती मालिका 'कॅप्टन माजिद' म्हणून आणि स्पेनमध्ये 'ऑलिव्हर आणि बेंजी' म्हणून घराघरात गेली. स्पेनच्या फर्नांडो टोरेसने आपल्या फुटबॉलवेडाचं श्रेय या मालिकेला जाहीरपणे दिलं आहे.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. एका चित्रकथेने जपानचा फुटबॉल उभा केला, असं चाहते कौतुकाने सांगतात. ते अर्धंच खरं आहे. आधी तिथे कंपन्यांच्या संघांची स्पर्धा चालायची. 1993 मध्ये जे-लीग ही व्यावसायिक लीग सुरू झाली. क्लबांनी आपापल्या शहराचं नाव घेतलं आणि मुलांसाठी युवा संघ चालवले. शाळांमध्ये खेळाचे गट होतेच. 1998 मध्ये जपान पहिल्यांदा विश्वचषकात उतरला, तिन्ही सामने हरला आणि त्यानंतर एकाही विश्वचषकाला मुकला नाही. चित्रकथेने मुलांच्या मनात इच्छा पेरली. ती इच्छा घेऊन मूल घराबाहेर पडलं तेव्हा समोर मैदान होतं, प्रशिक्षक होता, पुढे जायला पायऱ्या होत्या. इच्छा आणि व्यवस्था दोन्ही लागतात. आपल्याकडे पोरांना इच्छेवर व्याख्याने मिळतात.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. त्सुबासाचा एक प्रतिस्पर्धी आहे, कोजिरो ह्यूगा. बाप लहानपणीच गेलेला. आई राबते, पाठीवर लहान भावंडं, आणि हा पोरगा कामं करून घरखर्चाला हातभार लावतो. मैदानावर तो आडदांड आहे, रागीट आहे, धक्का मारून पुढे जातो. त्सुबासाचे वडील जहाजाचे कप्तान. घरात काही कमी नाही. त्याच्यासाठी चेंडू हा मित्र आहे. ह्यूगासाठी चेंडू म्हणजे शिष्यवृत्ती, म्हणजे घराची भाकरी. तरी नायक त्सुबासा. ह्यूगाचा राग हा त्याचा दोष म्हणून दाखवला जातो आणि आनंदाने खेळणारा त्सुबासा त्याला जणू खेळाचा अर्थ शिकवतो. समाजशास्त्र शिकताना मला ही गोष्ट वारंवार आठवायची. आनंदाने खेळायलाही घरी चूल पेटलेली असावी लागते. ताकाहाशीने ह्यूगा मनापासून रंगवला आहे, हे मान्य. माझ्या मते संपूर्ण मालिकेतलं सगळ्यात खरं पात्र तेच. पण कॅमेरा त्याच्या घरात फार वेळ थांबत नाही.

'झुंड'मध्ये नेमकं हेच उलटं होतं. तिथे ह्यूगांचीच अख्खी टोळी नायक आहे. नागपूरचे निवृत्त क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी 2001 मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांसाठी जे काम उभं केलं, त्यावर सिनेमा बेतलेला आहे. बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर उभा असलेला अमिताभ बच्चन आपल्या लोकांनी थिएटरात टाळ्यांनी डोक्यावर घेतला, आणि ते साहजिकच होतं. हिंदी पडद्यावर आपली जयंती आपल्याच डोळ्यांनी दिसायला किती वर्षं लागली! पण माझ्या लेखी सिनेमाचा कणा वेगळ्या ठिकाणी आहे. रिंकू राजगुरूने साकारलेली आदिवासी मुलगी आणि तिचा बाप ओळखीच्या कागदासाठी वणवण फिरतात. अंकुशवर पोलीस केस आहे, म्हणून त्याचं परदेशी जाणं अडतं आणि प्रकरण कोर्टापर्यंत जातं. जपानी ॲनिमेतला नायक गोलरक्षकाशी झुंजतो. आपला नायक त्याच्याआधी दाखला, पासपोर्ट, चारित्र्य आणि कॉलेज व वस्ती यांच्यामधली भिंत यांच्याशी झुंजतो. मैदानापर्यंत पोहोचेपर्यंतच त्याचा अर्धा दम संपलेला असतो. वस्तीत कागदपत्रांचं काम केलेल्या कुणालाही हे प्रसंग लांबलेले वाटणार नाहीत. सिनेमा तीन तासांचा आहे आणि काही ठिकाणी खरंच रेंगाळतो, पण तिथे नाही.

आणि 'ब्लू लॉक'? आजच्या पोरांची ही सगळ्यात लाडकी मालिका. जपान विश्वचषक का जिंकत नाही, तर त्याच्याकडे स्वार्थी स्ट्रायकर नाही, असं एक विक्षिप्त प्रशिक्षक ठरवतो. तीनशे तरुण फॉरवर्ड एका इमारतीत कोंडले जातात. शेवटी उरणार एकच. जो बाद होईल, त्याला देशाच्या संघाचं दार कायमचं बंद. क्रमांकानुसार ताटातलं जेवणसुद्धा बदलतं. नायक इसागीने पहिल्याच भागात स्वतः न मारता चेंडू सहकाऱ्याला दिलेला असतो आणि त्यामुळे सामना हरलेला असतो. म्हणजे वाटून घेणं हीच चूक!

हे बघताना एमपीएससीची तयारी करणाऱ्या पोरांना आपलं आयुष्य दिसतं, यात नवल नाही. खोलीत कोंडून घ्यायचं, जागा मूठभर, शेजारी अभ्यास करणारा मित्र हाच स्पर्धक, आणि वय निघून गेलं की दार बंद. मालिका थरारक आहे, मीही एका बैठकीत सहा-सहा भाग पाहिले आहेत. पण तिच्यात एक मेख आहे. ब्लू लॉकमध्ये शिरताना सगळ्यांना सारखीच खोली आणि सारखंच मैदान मिळतं. घरी भाडं थकलंय म्हणून कुणी स्पर्धा सोडत नाही. एवढी समानता आधी दिली, तर पुढची स्पर्धा न्याय्य वाटेलच. बाहेर ती सुरुवातीची समानताच नसते आणि तरीही हरलेल्याला सांगितलं जातं की तुझ्यात भूक कमी होती. खुद्द जपानचा संघ कतारमध्ये जर्मनीविरुद्ध जिंकला तो मागाहून उतरवलेल्या राखीव खेळाडूंच्या गोलांवर, दोआन आणि असानो यांच्या. एकट्या अहंकारी स्ट्रायकरची ती कहाणी नव्हती.

मला विचाराल तर 'आओआशी' या सगळ्यांत उजवी. एहिमे या प्रांतातला आशितो. आईने एकटीने वाढवलेला. तो टोकियोच्या क्लबच्या युवा संघात येतो आणि त्याला कळतं की लहानपणापासून तिथेच शिकलेल्या मुलांना ज्या गोष्टी सहज येतात, त्यांची त्याला नावंही माहीत नाहीत. प्रतिभा आहे, पण भाषा नाही. पहिल्या पिढीतल्या विद्यार्थ्याला विद्यापीठात हाच अनुभव येतो. मग मालिका शांतपणे दाखवते की ही भाषा शिकता येते, कुणीतरी शिकवावी लागते. पुढे प्रशिक्षक त्याला स्ट्रायकरऐवजी बचावफळीत खेळायला सांगतो. तो कोसळतो, रडतो आणि मग मैदान नव्याने बघायला शिकतो. आईचं पत्र वाचतानाचा प्रसंग एकट्याने बघा, इतकंच सांगतो.

मुलींचं काय, हा प्रश्न उरतोच. 'कॅप्टन त्सुबासा'मधल्या मुली बाकावर बसून झेंडे हलवतात. पण 2011 मध्ये, त्सुनामीनंतर चारच महिन्यांनी, विश्वचषक जिंकला तो जपानच्या महिला संघाने. पुरुष संघाला ते अजून जमलेलं नाही. अंतिम सामन्यात अमेरिकेला पेनल्टीवर हरवलं, आणि कर्णधार होमारे सावा स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडूही ठरली आणि सर्वाधिक गोल करणारीही. महिला फुटबॉलवर 2021 मध्ये 'सायोनारा, माय क्रेमर' ही मालिका आली. चित्रं साधी आहेत आणि ती फारशी गाजली नाही. विहारात किंवा अभ्यासिकेत मुलांना काही दाखवणार असाल, तर 'झुंड'नंतर तिचे पहिले दोन भाग लावा आणि त्या दिवशी मुलींना पुढच्या रांगेत बसवा.