ग्रंथालयशास्त्रात पीएच.डी.: खर्चाची सोय आधी, प्रवेश नंतर

एम.लिब. झालेली मुलगी ‘पुढे पीएच.डी. करू का?’ असे विचारते, तेव्हा घरात पहिला विषय निघतो तो पैशांचा. किमान तीन वर्षे, कधी सहा वर्षे. त्यात फी, प्रवास, झेरॉक्स, टायपिंग. पगार मात्र नाही. ‘आता लग्नाचे पाहू’ हे वाक्य पुष्कळदा इथूनच सुरू होते. म्हणून आम्हाला वाटते की हा हिशेब कुटुंबाने एकत्र बसून, आणि तोही प्रवेशाआधी मांडावा.

पूर्वी आपल्या घरांत एकच नाव माहीत असे: मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप. २००९ साली सुरू झालेली ही योजना केंद्र सरकारने २०२२-२३ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद केली. ती बंद झाली म्हणून रस्ताच संपला, असा समज अनेकांचा झाला आहे. तो बरोबर नाही.

सर्वांत मोठा दरवाजा आहे यूजीसी-नेट परीक्षेचा. ‘ग्रंथालय व माहितीशास्त्र’ हा त्यात स्वतंत्र विषय आहे. ज्यांना कनिष्ठ संशोधन फेलोशिप, म्हणजे जेआरएफ मिळते, त्यांना पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे वरिष्ठ फेलोशिप झाली की ४२,००० रुपये मिळतात. एकूण मुदत पाच वर्षे. वसतिगृह नसेल तर घरभाडे भत्ता वेगळा. वयाची अट ३० वर्षे आहे. मुलींना आणि मागासवर्गीयांना पाच वर्षांची सूट आहे. परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत.

एक गोष्ट उर्दू आणि मराठी माध्यमातल्या मुलांनी लक्षात ठेवावी. या विषयाची प्रश्नपत्रिका इंग्रजी व हिंदीतच असते. पारिभाषिक शब्दांची सवय एम.लिब. चालू असतानाच लावून घ्यावी. राज्याची सेट परीक्षा नोकरीसाठी उपयोगी आहे, पण तिच्यातून फेलोशिप मिळत नाही. दोन्हींचा अभ्यास सारखाच, तेव्हा नेट चुकवू नये.

जेआरएफ थोडक्यात हुकली तर? महाराष्ट्रात मोमीन, तांबोळी, अत्तार, पिंजारी अशा अनेक मुस्लिम बिरादऱ्या ओबीसीत येतात. केंद्राची ओबीसी राष्ट्रीय फेलोशिप नेटच्या गुणांवर दिली जाते. राज्यात नागपूरची ‘महाज्योती’ ही संस्था ओबीसी, भटके विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातील पीएच.डी. विद्यार्थ्यांना फेलोशिप देते. मात्र राज्याची यादी वेगळी, केंद्राची वेगळी. आपली जात दोन्हींत आहे का ते पाहावे. जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्र आधीच काढून ठेवावे. जाहिरात निघाल्यावर तहसील कार्यालयात धावाधाव करून ते वेळेत मिळेलच असे नाही. अल्पसंख्याकांसाठी ‘मार्टी’ ही संशोधन व प्रशिक्षण संस्था स्थापन करण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मंजुरी दिली. तिच्या घोषणांवरही लक्ष असू द्यावे.

ज्या मुलीला सख्खे भाऊ-बहीण नाहीत, तिच्यासाठी यूजीसीची सावित्रीबाई जोतीराव फुले एकल कन्या फेलोशिप आहे. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेच्या पीएच.डी. फेलोशिपसाठी ग्रंथालयशास्त्र चालते. अलीगढ मुस्लिम विद्यापीठासारख्या केंद्रीय विद्यापीठांत नेट नसलेल्या नियमित संशोधकालाही दरमहा ८,००० रुपये मिळण्याची सोय आहे. रक्कम लहान आहे, पण मेसचा खर्च भागतो. बंगळुरूला डॉ. रंगनाथन यांनी १९६२ मध्ये उभारलेले डीआरटीसी हे केंद्र भारतीय सांख्यिकी संस्थेचा भाग आहे. तिथे निवड झाली तर फेलोशिप संस्थाच देते.

ज्यांना ग्रंथपालाची नोकरी आहे, त्यांनी ती सोडण्याची घाई करू नये. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार, कामाच्या ठिकाणचे ना-हरकत पत्र घेऊन अर्धवेळ पीएच.डी. करता येते. पगार चालू राहतो. मग फेलोशिप मात्र नाही. याच नियमांत महिलांना दोन वर्षे जादा मुदत आणि २४० दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजा आहे. लग्नानंतर संशोधन थांबलेच पाहिजे असे नाही, हे सासरच्यांनाही सांगावे.

आणखी एक. फेलोशिप मंजूर झाली म्हणजे पहिल्या महिन्यापासून पैसे खात्यात येतील असे धरू नये. दर महिन्याची हजेरी विभागाकडून वेळेत कळवली गेली पाहिजे. सहा महिन्यांचा खर्च घरात बाजूला ठेवलेला बरा. एका वेळी दोन फेलोशिप घेता येत नाहीत, हेही विसरू नये.

विषय निवडताना आपल्या मुलांजवळ एक भांडवल आहे: उर्दू. मुंबईतील अंजुमन-ए-इस्लामचे करीमी ग्रंथालय, पाटण्याचे खुदाबख्श, रामपूरचे रझा ग्रंथालय, इथल्या उर्दू-फारसी ग्रंथांची सूची, जतन आणि संगणकीकरण ही कामे भाषा आणि शास्त्र दोन्ही जाणणाऱ्या माणसांचीच आहेत. अशी माणसे थोडी आहेत.

तेव्हा अब्बा-अम्मींना आमचे सांगणे एवढेच: मुलीला ‘पैसे कुठून आणायचे?’ असे विचारून गप्प करू नका. नेटच्या पुढच्या अर्जाची तारीख कधी आहे, ते तिच्याबरोबर बसून बघा.