बॉनेटवरचं नाक कशासाठी?

चेलाडी फाट्यावरून नसरापूर मागे टाकलं, की वेल्ह्याच्या रस्त्यावर विंझर लागतं. शनिवार-रविवारी या रस्त्यावर तोरण्या-राजगडाकडे निघालेल्या पुण्याच्या गाड्या दिसतात. एरवी गावच्या गाड्या असतात: पिकअप, वडापच्या जीपा, दुधाच्या गाड्या. अशा गाड्यांची बॉनेटं उघडण्यात माझी बरीच वर्षं गेली. हल्ली तरुण मुलं विचारतात, ‘काका, हवेचा स्कूप असलेलं बॉनेट टाकायचंय, कुठलं घेऊ?’ प्रश्न हौसेचा आहे आणि हौसेला मी नाव ठेवत नाही. पण उत्तर देण्याआधी मी एक उलट प्रश्न विचारतो: ‘त्या भोकातून आत आलेली हवा जाणार कुठे?’

ही हौस आली अमेरिकेतून. १९६०च्या दशकात तिथे मध्यम आकाराच्या गाडीत आठ सिलिंडरचं दणकट इंजिन बसवायची लाट आली. १९६४ची पाँटिअ‍ॅक जीटीओ हे त्यातलं गाजलेलं नाव. या गाड्यांना ‘मसल कार’ म्हणू लागले. त्यांचा कार्ब्युरेटर आणि एअर फिल्टर इंजिनाच्या डोक्यावर असायचा आणि बॉनेटखालची तापलेली हवा ओढायचा. तापलेली हवा विरळ असते. विरळ हवा म्हणजे प्राणवायू कमी आणि ताकदही कमी. म्हणून बॉनेटला तोंड पाडून बाहेरची गार हवा थेट फिल्टरपर्यंत नेली. काही गाड्यांत हे तोंड पुढे होतं. १९७०च्या शेवरोले शेवेलमध्ये ते मागे, समोरच्या काचेकडे होतं, कारण काचेच्या पायथ्याशी हवा अडून तिचा दाब वाढतो.

आता थोडा हिशोब करू. पुष्कळांना वाटतं, वेगामुळे हवा स्कूपात कोंबली जाते आणि इंजिनाला बळ येतं. ताशी १०० किलोमीटर वेगाला समोरून येणाऱ्या हवेचा जास्तीचा दाब वातावरणाच्या दाबाच्या अर्धा टक्काही भरत नाही. आपल्या वळणांच्या रस्त्यावर, ताशी ४० किलोमीटरला, तो एक टक्क्याच्या दहाव्या भागाहून कमी असतो. म्हणजे कोंबण्याचा फायदा जवळजवळ शून्य. खरा फायदा गारव्याचा. बॉनेटखालची हवा ६० अंशांवर आणि बाहेरची ३० अंशांवर असेल, तर बाहेरची हवा सुमारे दहा टक्क्यांनी दाट असते. पण आजच्या बहुतेक गाड्यांत कंपनीनेच हवेची नळी पुढच्या जाळीमागे किंवा मडगार्डच्या बाजूला नेलेली असते. गार हवा तिला आधीच मिळते. मग स्कूपचं काम उरतं कुठे?

उरतं, पण मोजक्या ठिकाणी. पहिल्या पिढीची फॉर्च्युनर आठवा, २००९ साली भारतात आली ती. तिच्या बॉनेटवरचं नाक दिखाऊ नव्हतं. टर्बोने दाबलेली हवा तापते, ती गार करणारा इंटरकूलर त्या गाडीत इंजिनाच्या वर होता आणि स्कूप त्याच्यावर वारा घालायचा. २०१६च्या नव्या फॉर्च्युनरमध्ये इंटरकूलर पुढे गेला आणि नाकही गेलं. सुबारूच्या डब्ल्यूआरएक्स गाडीतही स्कूपचं काम हेच. आतल्या भागाला गरज असेल तर वर तोंड. नाहीतर तो दागिना.

‘चढाला गाडी तापते, म्हणून स्कूप हवा,’ असंही कुणी सांगतं. इथे उलटंच होऊ शकतं. पुढून शिरलेली हवा रेडिएटरमधून जाते, कारण त्याच्या मागे दाब कमी असतो. स्कूपने मागच्या बाजूला हवा भरली, तर रेडिएटरमधून येणाऱ्या हवेची वाट अडते. उष्णता काढायची असेल, तर बॉनेटला हवा आत घेणारं तोंड नको, बाहेर सोडणाऱ्या खाचा हव्यात. आणि चढावर हळू चालणाऱ्या गाडीत सगळं काम पंख्याचं असतं. तेव्हा आधी रेडिएटरची जाळी चिखल-गवताने बुजली आहे का पाहा; कूलंट, झाकण, थर्मोस्टॅट, पंखा आणि पट्टा तपासा. दुखणं बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

आता पाऊस. वेल्ह्याकडचा पाऊस मी सांगायला नको. स्कूपचं पाणी इंटरकूलरवर पडलं तर बिघडत नाही. पण ते उघड्या एअर फिल्टरवर पडलं आणि सिलिंडरमध्ये शिरलं, तर पाणी दाबलं जात नाही. वाकतो तो कनेक्टिंग रॉड, आणि इंजिन जागीच बसतं. गावची गाडी म्हणजे रात्री-अपरात्री आजारी माणसाला घेऊन नसरापूरकडे निघणारी गाडी. ती भर पावसात रस्त्यात बसणं परवडणारं नाही.

एवढं ऐकूनही बॉनेट घ्यायचंच असेल, तर या गोष्टी पाहा. स्कूपचं तोंड बॉनेटच्या पत्र्यापासून थोडं वर उचललेलं असावं, कारण पत्र्यालगतची हवा मंदावलेली असते. तोंडापासून फिल्टरपर्यंत रबरी पट्टीने बंद केलेली वाट असावी, आणि पाणी गळून जायला भोक. फायबरचं बॉनेट हलकं असतं, पण त्याची आतली चौकट आणि लॉकची जागा बळकट आहे का ते दाबून पाहा. दोन्ही बाजूंना जादा पिना लावून घ्या. वेगात बॉनेट उघडून काचेवर आपटलं, तर समोरचं काहीच दिसत नाही. मूळ बॉनेट धडकेत ठरावीक जागी दुमडावं असं बनवलेलं असतं, स्वस्त नकलेत ती सोय असेलच असं नाही. आणि आपल्या सीटवर बसून पाहा: स्कूपमागे वळणावरचं पोर किंवा गुरू झाकलं जातंय का? जात असेल, तर ते बॉनेट परत करा.

शेवटी कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ नमुन्यापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९च्या जानेवारीत हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. म्हणून पैसे मोजण्याआधी आरटीओला आणि विमा कंपनीला लेखी विचारा. दुकानदाराचं ‘काही होत नाही हो’ हे वाक्य अपघातानंतर कामाला येत नाही.

माझा सल्ला विचाराल, तर पैसे आधी टायर, ब्रेक आणि रेडिएटरवर घाला. त्यातून उरले आणि वर सांगितलेल्या परीक्षेत बॉनेट उतरलं, तर हौस जरूर करा.